बिनधुराचे दहा दिवस

धोंडिभाऊ डुंबरे यांची ट्रंक न्यायला संग्रहालयाची माणसं दारात उभी राहिली, तेव्हा उज्ज्वलाला आधी हसूच आलं. एका टॅक्सीवाल्याच्या ट्रंकेत असून असून असणार तरी काय? पण अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जन्मभर मुंबईत काळी-पिवळी चालवली आणि तेवढ्या काळात कागदाचा एक कपटा फेकला नाही. आईनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. ट्रंक पलंगाखालून हलली नाही. पुढे आई गेली, अण्णा गेले, ट्रंक लेकीकडे आली आणि इथेही पलंगाखालीच जाऊन बसली.

आता ती उघडी होती, आणि संग्रहालयाची डॉ. अमृता केळशीकर हातात पांढरे मोजे घालून एकेक वस्तू बाहेर काढत होती. पितळी बिल्ला. कडा कुरतडलेलं भाड्याचं दरपत्रक. गाडीत विसरलेलं आणि कधीच कुणी मागायला न आलेलं एक कानातलं. उज्ज्वलाला स्कॉलरशिप मिळाली तेव्हाचं पेपरातलं कात्रण. ते अण्णा गाडीत ठेवायचे आणि पॅसेंजरला हवं असो वा नसो, दाखवायचे. शिवाय ओतूरच्या एसटीची तिकिटं, गठ्ठ्यानं. नगरस्मृती संग्रहालय कष्टकऱ्यांच्या घरातले कागद आणि वस्तू जपायचं. अण्णांच्या चिठ्ठ्याचपाट्यांना जिवंतपणी कुणी मोजे घालून हात लावला नव्हता. उज्ज्वलाला भरून आलं.

तळाशी खंडोबाची तसबीर निघाली. काच काळी ठिक्कर, देव दिसतसुद्धा नव्हता. उज्ज्वलानं सवयीनं पदर पुढे केला.

"पुसू नका," अमृता म्हणाली.

"अण्णाही हेच म्हणायचे," उज्ज्वला म्हणाली. "देवाच्या काचेवरचा धूर पुसला की धंद्याची बरकत पुसली जाते. ही गाडीत पुढे असायची, स्टिअरिंगच्या वर. सकाळी गाडी काढली की आधी हिच्यापुढे उदबत्ती, मग पहिलं भाडं."

"रोज?"

"रोज. गाडी बाहेर काढली आणि उदबत्ती लावली नाही, असा एक दिवस गेला नाही."

गेलेल्या माणसाबद्दल आपण असंच बोलतो. वडील कधी खोटं बोलले नाहीत, आईनं कधी दिवा चुकवला नाही. ऐकणाराही मान हलवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. अमृतानं मात्र ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं आणि खाली उज्ज्वलाची सही घेतली.

महिन्याभरानं अमृतानं तिला आपण बनवलेलं यंत्र पाहायला बोलावलं. उज्ज्वला बालवाडीत शिकवायची. शास्त्रबिस्त्र आपल्याला काय कळणार, असं म्हणतच ती गेली. पण अमृतानं समजावलं सोप्या भाषेत.

उदबत्तीचा धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे, ती म्हणाली. त्यात राळ असते, सुगंधी तेलं असतात. काचेवर त्याचा पातळ, चिकट थर बसतो. मग दिवसभरात गाडीत जे कुणी बसतं, बोलतं, खोकतं, घाम पुसतं, त्यांच्या श्वासातले बारीक थेंब आणि कातडीचे कण त्या थराला चिकटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा धूर येतो आणि कालचा दिवस झाकून टाकतो. राळ वाळली की आत हवा जात नाही, ओल जात नाही. "आपण लोणच्यावर तेल सोडतो ना, तसंच," अमृता म्हणाली. "तुमच्या अण्णांनी रोज एकेक दिवस मुरवून ठेवलाय."

यंत्राला सगळे धूरवाचक म्हणत. काचेच्या कोपऱ्यातल्या तांदळाएवढ्या जागेवरून ते लेसरनं एकेक थर उडवायचं, उडालेल्या कणांतून जनुकांचे तुकडे वेचायचं आणि आरोग्यनोंदीशी ताडून पाहायचं. आरोग्यनोंद आता सगळ्यांचीच होती. तान्ह्या मुलाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेत, मोठ्यांना मोफत औषधांच्या बदल्यात तो द्यावा लागे. संग्रहालयाला ती नोंद उघडायची परवानगी होती, केवळ सांस्कृतिक कामासाठी.

कुठला थर कुठल्या तारखेचा, हे वरून मोजत जाऊन ठरायचं. गाडी भंगारात गेली तो दिवस सगळ्यात वरचा. गाडी उभी राहिलेले दिवस तेवढे वगळायचे. भाऊबंदांत कुणी गेलं की अण्णा सुतकाला गावी जात, आणि अशा प्रत्येक खेपेची एसटीची तिकिटं ट्रंकेत होतीच. अमृता आणि उज्ज्वला यांनी मांडीला मांडी लावून ती तारखेवार लावली. राहता राहिली घरची माणसं. ती थराथरांत सापडणार, त्यांचा गलबला नको, म्हणून ती हिशेबातून वजा करायची ठरलं. त्यासाठी उज्ज्वलानं कापसाच्या बोळ्यावर आपली लाळ दिली. तेवढ्यावरून यंत्राला तिचे सगळे रक्ताचे नातेवाईक ओळखता येणार होते.

प्रदर्शन लागलं आणि शहर लोटलं. आपली आई कुठल्या दिवशी या गाडीत बसली होती, हे विचारायला माणसं रांग लावू लागली. एक तरुण पेढे घेऊन आला. तो पोटात असताना त्याच्या आईला अण्णांनीच दवाखान्यात पोचवलं होतं, हे एका थरानं सांगितलं होतं. उज्ज्वला सणाची साडी नेसून उभी राहायची आणि लोक तिच्या पाया पडायचे. तिला ते आवडत होतं, का नाही आवडणार?

दादा मात्र आला नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, प्रल्हाद. साइटवर काम आहे म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पुसून टाकायचीस गं ती काच. कशाला लोकांना दाखवायची?"

हळूहळू रांगेतले प्रश्न बदलले. माझी बायको अमुक दिवशी कुणाबरोबर बसली होती? माझा भाऊ त्या दिवशी शहरातच होता ना? अमृता त्यांना परत पाठवायची. पण एके दिवशी कोर्टाचा हुकूम घेऊन पोलीस आले, आणि त्यांना परत पाठवता येईना.

प्रकरण जुनं होतं, उज्ज्वला शाळेत असतानाचं. गिरगावातली एक इमारत बिल्डरला खाली करून हवी होती आणि बाळकृष्ण मांजरेकर नावाचा एक म्हातारा भाडेकरू सगळ्यांना धरून बसला होता. तो जिन्याच्या तळाशी डोकं फुटून पडलेला सापडला. शेजारच्या बाईनं एका माणसाला टॅक्सीतून उतरून वर जाताना आणि धावत परत येऊन त्याच टॅक्सीत बसताना पाहिलं होतं. टॅक्सीचा नंबर तिच्या लक्षात राहिला. तो अण्णांच्या गाडीचा होता. चौकीत अण्णांनी एकच सांगितलं, भाडं होतं, चेहरा बघितला नाही. फटके खाल्ले तरी तेच. शेवटी प्रकरण फायलीत गेलं.

आता त्या तारखेचा थर वाचला गेला. चार-पाच परकी माणसं निघाली. त्यातला पुरुष एकच, श्रीधर नाडगौडा, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना सकाळी दूध आणायला गेले असताना उचललं. त्या दिवशी कुठे होतात, असं विचारलं तर ते म्हणाले, मला काल काय जेवलो ते आठवत नाही. टीव्हीवर ते वाक्य दिवसभर फिरवलं. माणसं खोटं बोलतात, धूर बोलत नाही, असंही कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं.

उज्ज्वला भाजी निवडत ते ऐकत होती. बातमीत शेजारणीचा जुना जबाब वाचून दाखवत होते. "दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणून मी वांगी आणायला खाली उतरले होते."

तिचा हात थांबला.

ती चंपाषष्ठी तिला लख्ख आठवत होती. आईनं भरीत-रोडग्याचा नैवेद्य केला होता, तळी भरायची तयारी झाली होती. आणि अण्णा, खंडोबाचे एवढे भक्त, उंबऱ्याबाहेर उभे. "मला सुतक आहे," म्हणाले. आईनं विचारलं, "कोण गेलं?" अण्णा म्हणाले, "आहे एक." गावी गेले नाहीत, गाडी रोज काढली. पण तसबिरीसमोर उदबत्ती लागली नाही. उज्ज्वला तेव्हा शाळेत जाताना अण्णांच्या शेजारी बसायची. उदबत्तीचं रिकामं घर तिच्या डोळ्यांसमोर असायचं. दहा दिवस.

तिनं भाजी बाजूला सारली आणि हळूहळू विचार केला. दहा दिवस धूर नाही, म्हणजे दहा थर नाहीत. म्हणजे यंत्र वरून मोजत खाली आलं ते दहा थर जास्तच खाली गेलं. नाडगौडा अण्णांच्या गाडीत बसले असतील, पण खुनाच्या दहा दिवस आधी. आणि ही चूक यंत्राची नव्हती. असा एक दिवस गेला नाही, हे वाक्य तिचं होतं. खाली सही तिची होती.

तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. आपल्या गाडीतून मारेकरी गेला म्हणून अण्णांनी एका परक्या म्हाताऱ्याचं सुतक पाळलं होतं. हे जगाला कळायलाच हवं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर ती संग्रहालयात गेली.

बाहेर बाकावर नाडगौडांची बायको बसली होती. पुन्हा मोजा, एवढीच विनंती करायला ती रोज यायची. उज्ज्वलाचं नाव कळल्यावर तिनं तिचा हात धरला.

"हे गाडीत बसले असतील हो," ती म्हणाली. "मुंबईत कोण टॅक्सीत बसलं नाही? पण जिना चढून कुणाला ढकलायचं... घरात झुरळ निघालं तर हे मला हाक मारतात. हृदयाचं दुखणं आहे त्यांना. आत गोळी वेळेवर देतात की नाही, देव जाणे."

"काळजी करू नका," उज्ज्वला म्हणाली. "आज काहीतरी होईल. माझा शब्द."

आत अमृता पडद्यासमोर बसली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिनं हे यंत्र पोलिसांसाठी बनवलं नव्हतं. उज्ज्वलानं आधी खात्री करून घ्यायची ठरवली.

"त्या थराच्या वर जरा दाखवाल? आठ-दहा थर वर. तिथे काही वेगळं दिसतं का?"

अमृतानं चित्र सरकवलं. "इथे धुळीचा एक जाड पट्टा आहे. एका दिवसाची इतकी धूळ? रस्ता खणला असेल, काचा उघड्या राहिल्या असतील."

त्या दहा दिवसांची धूळ होती ती. उज्ज्वला पडद्याजवळ सरकली. "आणि तिच्या लगेच खालचा थर? त्यात कोण आहे?"

"बघते." थोडा वेळ गेला. "दोन बायका, एक लहान मूल. परका पुरुष कुणी नाही."

"कुणीच नाही? असं कसं?"

"घरची माणसं आहेत ना. तुमचे अण्णा, तुम्ही, आणि एक तुमचे सख्खे बंधू. ते आपण वजा करतो." अमृता दमल्यासारखी हसली. "यंत्राला घरचे दिसत नाहीत, ताई. आपणच तसं सांगितलंय त्याला. का विचारलंत?"

दादाला त्या वयात अण्णांच्या टॅक्सीत बसायची लाज वाटायची. मित्रांनी बघितलं तर? पावसातसुद्धा तो चालत जायचा. आणि त्याच महिन्यात त्याला बिल्डरकडे नोकरी लागली होती. आईनं साखर वाटली होती, अण्णांनी ती खाल्ली नव्हती.

"ताई?" अमृतानं विचारलं. "काय झालं?"

"काही नाही," उज्ज्वला म्हणाली. "सहज विचारलं."

बाकावरच्या बाईसमोरून जायची तिची छाती होईना. ती मागच्या दारानं बाहेर पडली.

कळंबोलीला दादाच्या घरी लग्नाची धांदल होती. त्याच्या तन्वीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. वहिनीनं उज्ज्वलाला चहा दिला, साड्या दाखवल्या, मानपानाचं विचारलं. मग दादा तिला गच्चीवर घेऊन गेला. मांडववाल्याच्या खुर्च्या तिथे रचून ठेवल्या होत्या. दादानं दोन उतरवल्या.

"चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी तू अण्णांच्या गाडीत कशाला बसला होतास?" तिनं विचारलं.

साठीला आलेला माणूस, त्याचे खांदे तिच्या डोळ्यांदेखत खाली आले.

"मला वाटलं होतं, यंत्र येईल," तो म्हणाला. "तू येशील असं नव्हतं वाटलं."

"दादा."

"नुसता दम द्यायला पाठवलं होतं, उजू. वीस वर्षांचा होतो. म्हातारा जिन्यात आडवा आला, माझी कॉलर धरली. मी हात झटकला. एवढंच. खरंच एवढंच."

"आणि अण्णा?"

"त्यांना सांगितलं होतं, मित्राकडनं पुस्तक आणायचंय. परत आलो तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. चौकीतनं मार खाऊन आले तरी मला एक शब्द विचारला नाही. मरेपर्यंत नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "विचारायला हवं होतं गं त्यांनी. मी सांगितलं असतं."

खालून तन्वीचं हसणं ऐकू आलं. उज्ज्वलाच्या नवऱ्याच्या आजारपणात याच माणसानं तिचं घर चालवलं होतं. तिच्या सईला यानंच शिकवलं. तिला त्याचा राग येत होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

"तिकडे एक निरपराध माणूस कोठडीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी जातो. पोरीचं लग्न तेवढं होऊ दे. हळद लागली, अक्षता पडल्या की मी स्वतः चौकीत जातो. तुझ्या गळ्याची शपथ."

तिनं मान हलवली. शुभकार्य तोंडावर असताना घरात कुणी अशी गोष्ट काढत नाही. कार्य निर्विघ्न पार पडू द्यायचं, मग काय ते बोलायचं. तिच्या आईनं हेच केलं असतं, तुमच्या-आमच्या आयांनीही हेच केलं असतं. आठवड्याचा तर प्रश्न, असं ती घरी येताना स्वतःला सांगत राहिली.

हळदीच्या दिवशी आत्या म्हणून पहिला मान तिचा होता. दोन्ही हात हळदीनं भरलेले, बायका गाणी म्हणतायत, आणि सई फोन घेऊन जवळ आली. "आई, ते नाडगौडा सर गेले. कोठडीतच. हार्ट अटॅक."

उज्ज्वलानं मांडवाच्या पलीकडे पाहिलं. दादाच्या हातातही फोन होता. त्यानं तो खिशात ठेवला आणि व्याह्यांना नमस्कार करायला वळला. उज्ज्वलानं तन्वीच्या गालाला हळद लावली. पोरगी लाजून हसली.

लग्न झालं. दादा चौकीत गेला नाही. "आता जाऊन कोणाला सोडवू?" तो फोनवर म्हणाला, आणि तिनं फोन ठेवला. मेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग तरी पुसता येईल, हे तिला कळत होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज अमृताकडे जायचं. रोज संध्याकाळी न जाता घरी यायची.

मग एक दिवस नाडगौडांची बायको शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, आज काहीतरी होईल, माझा शब्द. मी संध्याकाळपर्यंत थांबले. काय होणार होतं हो?"

बालवाडीतली पोरं फाटकाच्या गजांना लोंबकळून त्या दोघींकडे बघत होती.

"मी नवस बोलले होते," उज्ज्वला म्हणाली. "म्हणून तसं म्हटलं."

बाई हात जोडून निघून गेली.

त्या रात्री उज्ज्वला जेवली नाही. आता अण्णांनी काय केलं असतं, हे तिला विचारावं लागत नव्हतं. सकाळी आंघोळ करून ती देवाऱ्यापुढे आली आणि काड्यापेटी हातात न घेताच उभी राहिली. तिला त्या माणसाचं सुतक होतं. तो तिच्या सहीनं आत गेला होता आणि तिच्या गप्प बसण्यानं मेला होता. दहा दिवस देवाला धूर दाखवायचा नाही, कुणी विचारलं तर आहे एक म्हणायचं. एवढं तरी तिला करता येण्यासारखं होतं, आणि ते ठरवल्यावर कितीतरी दिवसांनी तिला जरा मोकळं वाटलं.

"आई, उदबत्ती लाव ना," सई मागून म्हणाली. "आणि काच पुसू नकोस हं. दिवाळीनंतर धूरवाले येणारेत आपल्या इमारतीत. घराघरातल्या तसबिरी वाचणार आहेत आता. सक्तीचं केलंय. अमृता मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे रोज लावतात ना? मी म्हटलं, आमची आई एक दिवस चुकवत नाही."

उज्ज्वलानं देवाऱ्यातल्या तसबिरीकडे पाहिलं. तिचीही काच अण्णांच्या सवयीनं कधी पुसली नव्हती. दहा दिवस उदबत्ती लागली नाही तर तिथे धुळीचा एक पट्टा उमटेल, अण्णांच्या काचेवर आहे तसाच. अमृता हुशार होती. एका पट्ट्याबद्दल जिनं सहज विचारलं, तिच्याच घरात दुसरा पट्टा दिसला, तर ती थांबून विचारेल. ताई, तेव्हा कोण गेलं होतं? आणि मग ती पुन्हा थर मोजायला बसेल, या खेपेला घरच्यांना वजा न करता.

अण्णांना निदान सुतक पाळता आलं होतं.

तिनं काडी ओढली. पहिली विझली. दुसऱ्या काडीवर उदबत्ती पेटली. तिनं ती तसबिरीच्या अगदी जवळ खोचली आणि धूर काचेवर नीट बसेपर्यंत तिथेच उभी राहिली.